भोकरमाचीच्या गिटारची दांडी

महिपतीला माणसांच्या हातांची शिसारी यायची. माणसांची नव्हे, हातांची. गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीवर आलं की तो बसायला पोतं पुढे सरकवी, पाण्याचा तांब्या ठेवी, गावाकडची खबरबात विचारी; इथवर सगळं ठीक. पण त्या गिऱ्हाइकाने डोक्यावरून आणलेल्या पेटीचं झाकण उघडलं की त्याचं तोंड जे कडू होई ते दिवेलागणीपर्यंत सुधारत नसे.

महाडच्या बाजारपेठेत कासाराच्या दुकानाला लागून त्याची एक काळोखी खोली होती. भजनी मंडळांच्या पेट्या दुरुस्त करणारा म्हणून पार पोलादपूरच्या घाटापर्यंत त्याचं नाव होतं. आणि त्या पेट्या म्हणजे! सुरांच्या फटींत बुक्का, बिडीची राख, चुरमुऱ्यांचा चुरा, मेलेली झुरळं. एका बुवांच्या भात्यात तर उंदरीण व्याली होती, आणि बुवांनी तशाच पेटीवर सप्ताह उरकला होता. पांढऱ्या पट्ट्यांवर चुन्याची बोटं उमटलेली. "बुवा, पट्टी दाबायची असते, पीठ मळल्यासारखी मळायची नसते," महिपती म्हणे. बुवा लाल दात दाखवून हसत. ह्या सगळ्यांचे हात मनगटापर्यंत उकळत्या सोड्यात घालून ठेवावेत, असं त्याला वाटे. नुसतं वाटून तो गप्प बसत नसे, बोलून दाखवी. म्हणून चहाच्या टपरीवर त्याला कुणी हाक मारून बोलवत नसे.

हा सोवळेपणा त्याने मुंबईहून आणला होता. मूळचा तो पोलादपूरच्या वर, डोंगराच्या कुशीतल्या भोकरमाचीचा. नाचणी-वरीवर घर चालेना म्हणून वाडीतली पोरं मिसरूड फुटायच्या आत मुंबई गाठत, तसा तोही गेला. बाकीचे गिरणीत आणि गोदीत चिकटले. हा धोबीतलावाला एका गोवेकर म्हाताऱ्याच्या दुकानात झाडलोट करायला लागला. म्हातारा व्हायोलिनं आणि गिटारी दुरुस्त करी. सगळे त्याला मेस्त म्हणत. मेस्ताने झाडू बाजूला ठेवायला लावून त्याच्या हातात पेचकस दिला, आणि महिपतीचा जन्म तिथे दुसऱ्यांदा झाला म्हणायला हरकत नाही.

हॉटेलांतल्या बँडमध्ये विजेवरच्या गिटारी यायला लागल्या तेव्हाची गोष्ट. त्यातल्या काहींची घोडी, म्हणजे तारा जिच्यावरून जातात ती पट्टी, लाकडात पक्की बसवलेली नसे. पुढून तारा तिला ओढत, मागून गिटारच्या पोटातल्या स्प्रिंगा ओढत. दोन्ही ओढी सारख्या झाल्या की घोडी अधांतरी तोलून राही. तिला एक लोखंडी दांडी. दांडी दाबली की तारा सैल पडून सूर झुकायचा, बोट उचललं की पुन्हा जागेवर यायचा. आता ती दांडी हाताला कशी लागावी, हे ज्याच्या त्याच्या हातावर. स्प्रिंगा जास्त घालून आवळल्या तर ती खुंट्यासारखी ताठ; सैल सोडल्या तर लोंबते, आणि गेलेला सूर परत घरी येत नाही. मेस्त ह्या दोहोंमधली जागा शोधत तासन् तास बसे. पेचकसाचा पाव फेरा, मग करंगळी दांडीवर. पुन्हा पाव फेरा. बोटाने ढकलायचं नाही, तो सांगे, बोट नुसतं ठेवायचं. सुराला वाटलं पाहिजे की आपण आपल्याच मनाने झुकलो.

एका दुपारी मेस्ताने अशीच एक गिटार लावून झाल्यावर एकच सूर छेडला आणि करंगळी टेकवली. तो सूर थरथरत खाली गेला, खाली गेल्यावर क्षणभर रेंगाळला आणि तसाच थरथरत वर आला. महिपती हातात रॉकेलची बाटली घेऊन उभा होता, तो उभाच राहिला. स्वतः तो कधी वाजवायला शिकला नाही. त्याची बोटं स्क्रूवर चालत, तारांवर अडखळत. पुढे मेस्त दुकान विकून मुलाकडे आफ्रिकेत निघून गेला, महिपती महाडला आला, रंगूबाईशी लग्न झालं, बुवांच्या पेट्या सुरू झाल्या. पण तो सूर पुन्हा एकदा ऐकायचा, कुणाच्याही हातून, एवढी एकच हाव त्याच्या पोटात राहिली. बाकी त्याला ना जमीन हवी होती ना मान.

म्हणून भोकरमाचीने गिटार घेतली हे कानावर आलं तेव्हा त्याचा विश्वासच बसेना. वाडीची अडचण खरी होती. शिमग्याला देवीची पालखी नाचायची ती सनईवर, आणि सनईवाल्या कोंडाजीचे दात पडले होते. फुंकर ओठांतून निसटू लागली होती. त्याचे मुलगे मुंबईत, सनईला कुणी हात लावायला तयार नाही. वाडीचा रिवाज मोठा कडक. पालखी नाचत असताना सूर तुटला तर पालखी जागेवर खाली ठेवायची, देवीला गाऱ्हाणं घालायचं, आणि ज्याच्या हातून सूर तुटला त्याच्या घराने पुन्हा म्हणून पालखीपुढे उभं राहायचं नाही. मुला-नातवंडांनीसुद्धा नाही. कोंडाजी शहाणा, तो आपणहून बाजूला झाला. मग वाडीकरांच्या मुंबईच्या मंडळाने वर्गणी काढली आणि गोदीत एका खलाशाकडून ही गिटार घेतली. मंडळातला मुरारी बुलबुलतरंग बरा वाजवायचा, त्याच्या गळ्यात ती पडली. मुरारी गोदीत गोणी वाहणारा, स्वभावाने गरीब, कुणी चार शब्द सुनावले तर खाली मान घालणारा. पण त्याचे हात!

दिवाळी झाल्यावर मुरारी गिटार चादरीत गुंडाळून महाडला आला. "महिपतीदादा, दांडी अडाकतेय. जरा बघा की."

महिपतीने दार लोटून घेतलं, हात धुतले, पुसले, आणि पाठीमागचं झाकण काढलं. आत पाहिलं आणि तोंड फिरवलं. स्प्रिंगांच्या पोकळीत तेलाचा लालपिवळा चिखल साचला होता. त्यात तांदळाचे दाणे फुगून बसलेले, त्यांना बुरशी आलेली, आणि झेंडूच्या पाकळ्या कुजून काळ्या पडलेल्या. मुंग्यांची एक रांग बिनदिक्कत घोडीच्या खालून ये-जा करत होती.

"ह्ये काय केलंस रे?"

"खंडेनवमीला पूजा केली ना," मुरारी म्हणाला. "नांगर, कोयता समद्यांची केली, मग ह्याची नको? आपला म्होरक्या सोनबा म्हणला, वरनं हळदकुंकू लावून काय व्हतंय, चालतं ते आतनं. म्हणून झाकण काढून आतल्या यंत्रांना लावलं. गोडंतेल पन घातलं चमचाभर."

"चमचाभर!" महिपती ओरडला. "आरं देवाला तरी असलं आवडंल काय? आनि ही तार कसली?"

"तुटली व्हती. सायकलच्या बिरेकची बसवली."

महिपती उठून मागल्या दारी गेला आणि थुंकून आला. एवढी घाण बुवांच्या पेट्यांतही नव्हती. तिथे निदान कुणी भक्तिभावाने उंदीर सोडला नव्हता. बायकोला त्याने चूल पेटवून पाणी तापवायला सांगितलं. रॉकेल, कुंचला, जुनं धोतर घेऊन तो बसला, आणि नाक मुरडत, पुटपुटत, वाडीच्या सात पिढ्यांचा उद्धार करत त्याने ती घोडी खरवडून स्वच्छ केली. मुंबईहून तारा मागवल्या. मग तीनच स्प्रिंगा ठेवून, पाव पाव फेरा करत, मेस्त लावायचा तशी दांडी लावली. करंगळी ठेवून पाहिली. दांडी झुकली, परत आली. त्याने पुन्हा एकदा ठेवून पाहिली.

"आता वाजव," तो म्हणाला. "नुसतं बोट ठेव."

मुरारीने पाचही बोटांची मूठ करून दांडी धरली आणि पंपाने पाणी उपसावं तशी वरखाली हासडली. दोन तारा तटकन तुटल्या. घोडी तोलावर, त्यामुळे दोन तुटल्या की उरलेल्या सगळ्याच बेसूर. खोलीत एक गलिच्छ आवाज घुमत राहिला आणि महिपतीने कानांवर हात ठेवले.

त्यानंतर हे असंच चाललं. मुरारी रजेवर आला की गिटार महाडला येई, महिपती ती लावी, आणि मुरारी तिची रया घालवी. पहिल्या शिमग्याला पालखीपुढे सूर घसरलाच, पण तुटला नाही. वाडीचा म्होरक्या सोनबा म्हणाला, देवीने यंदाचं पोटात घातलं, पुढल्या खेपेला घालायची नाय. हे ऐकून मुरारी सुकला. त्याच्या आजोबांनी पालखीपुढे ढोल धरला होता, बापाने धरला होता. आता ह्याच्या पायी सगळं घर कायमचं मागे लोटलं जाणार.

"दादा, तुमी ती घट करून टाका," तो काकुळतीला येऊन म्हणायचा. "हाललीच नाय तर सूर जाईल कुठं?"

"घट करायची तर गिटार कशाला? मुसळ घे की वाजवायला," महिपती फिस्कारायचा. "हात हलका कर. हात हाय का पहार?"

त्याने शिकवूनही पाहिलं. पाण्याने काठोकाठ भरलेल्या पितळीच्या कडेवर करंगळी टेकवायला लावली, पाणी सांडता कामा नये. मुरारी घाम पुसत तासभर बसे आणि शेवटी पितळी उलटी करी. त्याची जाडी बोटं, नखांतला गोदीतला काळा मळ, तळव्यावरचे घट्टे, हे सगळं बघून महिपतीला त्याचा इतका वीट आला की एकदा तो म्हणाला, "तुझ्यासारख्याच्या हातात ही देण्यापरीस सावित्रीच्या पुरात सोडून द्यायला पायजे व्हती." मुरारीने सांडलेलं पाणी आपल्या टोपीने पुसलं आणि गिटार तिथेच ठेवून निघून गेला.

दुसरा शिमगा तोंडावर आला होता. रंगूबाई चुलीपाशी बसून हे सगळं ऐकत होती. ती कधी ह्या कामात तोंड घालत नसे. पण त्या दिवशी भाकरी थापता थापता थांबली.

"अवो, एक इचारू? ती कुनासाठी लावताय तुमी?"

"कुनासाठी म्हंजे? मुरारीसाठी."

"मुरारीचा हात असा हाय, ह्ये तुमाला पयल्या दिवशी कळलंय. तरी तुमी तुमच्या करंगळीपरमानं लावताय. तुमाला तो तुमचा सूर ऐकायचाय. त्या पोराच्या घराची अब्रू गेली तरी चालंल. मला तर तुमचीच शिसारी येतेय."

तिने पुन्हा भाकरी थापायला घेतली. ते खरं होतं, हे महिपतीला कळत होतं. तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने फणसाच्या लाकडाचा एक तुकडा घेतला, तासला, आणि गिटारच्या पोटात घोडीच्या मागे पाचर म्हणून ठोकून बसवला. पाचही स्प्रिंगा घालून करकचून आवळल्या. घोडी मेली. आता तार तुटो की दांडी तुटो, दुसऱ्या तारेचा सूर केसभरही हलणार नव्हता. असलं कसाबाचं काम आपण करतोय ह्याची त्याला इतकी घाण वाटली की मधेच दोनदा उठून त्याने हात धुतले.

पण एवढ्याने भागणार नव्हतं. मुरारीला तो ओळखून होता. दांडी दबत नाही असं दिसलं की हा गडी सगळी ताकद लावणार आणि घोडीच उपटून काढणार. दांडी हाताला दबली पाहिजे, परत आली पाहिजे. सूर हलला नाही तरी चालेल. महिपतीने दांडीचं भोक थोडं कोरून मोठं केलं, आत लोकरीच्या कापडाची बारीक पट्टी बसवली आणि दांडीच्या खाली एका मोडक्या पेटीच्या पट्टीतली नाजूक स्प्रिंग अडकवली. दाबून पाहिलं. जड लागली. स्प्रिंग बदलली. आता फार सैल. मग मात्र त्याचं भान हरपलं. एक कापड काढ, दुसरं घाल. स्प्रिंगेचा एक वेढा तोड, वाकव, पुन्हा बसव. दोन दिवस त्याने दुसऱ्या कामाला हात लावला नाही. आणि शेवटी दांडी अशी लागली की बोट ठेवताच ती मऊ, सावकाश खाली जाई, तळाशी किंचित अडे आणि बोटाला उचलून वर घेऊन येई. मुंबईत मेस्तालासुद्धा असली साधली नव्हती. आणि त्यातून सुराला काही म्हणजे काही होत नव्हतं. आयुष्यातलं सगळ्यात देखणं काम आपल्या हातून झालं ते हे, निव्वळ फसवणुकीचं! महिपतीने झाकण लावलं, स्क्रू पिळले, आणि मुरारीला निरोप धाडला. आत काय केलंय ते त्याने सांगितलं नाही.

शिमग्याला तो भोकरमाचीला गेला. जायचं नव्हतं, पण घरी बसवेना. ऊन उतरताना पालखी सहाणेवर, तिच्या बसायच्या चौथऱ्यावर, आली. महाडहून आणलेला बॅटरीवरचा लाउडस्पीकर आंब्याला टांगला होता. ढोल सुरू झाले, खांदेकऱ्यांनी पालखी उचलली, आणि मुरारी गिटार घेऊन पुढे झाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्याने कोंडाजीचीच चाल धरली. डाव्या हाताने तो तारा चाचपत होता, आणि उजव्या हाताची करंगळी त्याने दांडीवर ठेवली.

सूर सपाट निघाला. स्वच्छ, जागचा न हलणारा, पाट्यावरून वरवंटा फिरावा तसला. कर्ण्यातून तो डोंगरावर आदळून परत येत होता. मुरारीची दांडी खालीवर होत होती आणि सूर ढिम्म. आता कुणीतरी ओरडेल, महिपतीला वाटलं. आता सोनबा हात वर करील. पण खांदेकरी घुमायला लागले, बायकांच्या अंगात आलं, गुलाल उडाला. सोनबा डोळे पुसत त्याच्या कानाशी आला आणि ओरडला, "ऐकलंस का रे? सूर कसा थरथरतोय! कोंडाजीच्या सनईसारका!" शेजारी बोळकं पसरून खुद्द कोंडाजी बसला होता, तोही मान डोलवत होता. महिपतीने आजवर हातांचा तिरस्कार केला होता. आता ह्या सगळ्या कानांची त्याला शिसारी आली. थुंकावंसं वाटलं, पण समोर देवी होती.

पालखी खाली टेकली. सूर तुटला नव्हता. मुरारीच्या म्हाताऱ्या आईने, साळूबाईने, त्याच्यावरून मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या.

दुसऱ्या दिवशी मुरारी मुंबईला निघाला. पोलादपूरच्या एस.टी.त तो महिपतीच्या शेजारीच बसला, गिटार मांडीवर घेऊन. लाउडस्पीकर नव्हता; तारांचा बारीक आवाज तेवढा त्या दोघांना ऐकू येत होता. गाडी वळणं घेत होती, आणि मुरारी एकच सूर पुन्हा पुन्हा छेडून त्यावर करंगळी टेकवत होता.

महिपती खिडकीकडे तोंड करून बसला होता. मग त्याची नजर त्या हाताकडे गेली आणि तिथेच राहिली. मूठ नव्हती. जोर नव्हता. घट्ट्यांनी भरलेल्या त्या हाताची करंगळी दांडीवर नुसती ठेवल्यासारखी होती. दांडी खाली जाई तेव्हा ती तिच्याबरोबर जाई, वर येई तेव्हा तिच्याबरोबर वर येई. कुठे घाई नाही, कुठे धक्का नाही. वर्षानुवर्षं ज्या हाताची त्याने वाट पाहिली तो हात त्याच्या मांडीला मांडी लावून बसला होता.

"दादा, तुमी सांगत व्हतात ते आता कळलं," मुरारी हळूच म्हणाला. "ढकलायचं नाय. बोट नुसतं ठेवायचं. तीच शिकिवते."

महिपती सरसावून बसला. पाचर काढायची, दांडीखालची नाजूक स्प्रिंग सोडवायची, पोटातल्या दोन स्प्रिंगा कमी करायच्या, पाव पाव फेरा. एका दुपारचं काम होतं. "आन ती इकडं," तो घाईघाईने म्हणाला. "महाडला उतर माझ्याबरोबर. एक काम राह्यलंय तिच्यात. उद्याच्या गाडीनं जा."

मुरारीने दचकून गिटार उचलली आणि दुसऱ्या बाजूला, खांबाच्या आड, छातीशी धरली.

"नको दादा," तो म्हणाला. "पाया पडतो तुमच्या. आता ह्याला हात नका लावू. आता बरोबर लागलंय."